भिशीचे पन्नास हजार आणि काचेसारखी त्वचा

पत्र असं आहे: "सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं चौदा वर्षांपासून पार्लर आहे. थ्रेडिंग, फेशियल बारा महिने चालतं, पण खरी कमाई लग्नसराईची. यंदा भिशी लागली, पन्नास हजार हातात आहेत. दसऱ्याला माल भरते म्हणजे तुळशीच्या लग्नानंतर उपयोगी पडेल. बारावीतली मुलगी रोज मोबाइलवर काहीतरी दाखवते: ग्लास स्किन, कुशन, लिप टिंट, सोलून काढायची लिपस्टिक. सप्लायर म्हणतो, एअरब्रश मशीन घ्या नाहीतर मागे पडाल. समोरच्या गल्लीत पुण्याहून कोर्स करून आलेल्या मुलीनं पार्लर टाकलंय, तिच्या बोर्डावर 'एचडी, एअरब्रश, कोरियन ग्लो' असं लिहिलंय. पुढची दोन-तीन वर्षं काय चालेल? पैसे कशात घालू? गोलगोल बोलू नका, स्पष्ट सांगा. – भिशीवाली"

भिशीवाल्या ताई,

स्पष्ट हवंय ना, मग घ्या. फाउंडेशन फवारायचं ते एअरब्रश मशीन घेऊ नका. कुशन, म्हणजे डबीतल्या स्पंजात मुरवलेलं फाउंडेशन, नवरीसाठी घेऊ नका. पन्नासातले निम्मे पैसे फाउंडेशनच्या शेड्समध्ये घाला. उरलेल्यात ओठ, पापण्या, गाल आणि चेहरा धुवायचं सामान. हे ऐकून मुलगी तोंड वाकडं करेल, कारण फाउंडेशनच्या शेड्सचं रील कोणी बनवत नाही.

असं का म्हणते ते सांगते. आपल्याकडची लाट कधी फिरली हे तुम्हीही पाहिलंय. एप्रिल २०२२ मध्ये आलिया भट्टचं घरच्या घरी लग्न झालं. अंगावर मोतिया रंगाची साडी, केस मोकळे आणि चेहऱ्यावर जेमतेम मेकअप. त्याच्या पुढच्या सीझनला माझ्याकडे आलेल्या निम्म्या मुलींच्या मोबाइलमध्ये तोच फोटो होता. त्याआधी २०२० मध्ये 'फेअर अँड लव्हली'नं नावातलं 'फेअर' काढून टाकलं होतं. डबीतला माल किती बदलला ते सोडा, पण 'गोरं करतो' हे मोठ्यानं म्हणायची कंपन्यांना लाज वाटायला लागली, एवढं खरं. आता खुर्चीत बसलेली मुलगी म्हणते, "मी मीच दिसायला हवी." मागे उभी असलेली तिची आई म्हणते, "अहो, जरा दोन शेड उजळ करा, फोटोत बरं दिसतं." या ओढाताणीत मुलीची बाजू दर वर्षी थोडी थोडी जड होतेय. माझ्या मते येत्या दोन-तीन वर्षांत बाकी काहीही आलं-गेलं तरी ही गोष्ट मागे फिरणार नाही.

आणि हीच गोष्ट तुमच्या खिशाला महागात पडणार आहे. पूर्वी आपण काय करायचो? पेंट स्टिकच्या दोन-तीन शेड असल्या की सगळा तालुका निघायचा. थर जाड असायचा, मानेपर्यंत ओढायचा, हातांनाही लावायचा. सगळंच खोटं, त्यामुळे कुठे जुळलं नाही हे कळायचंच नाही. पातळ बेसला ही सोय नाही. स्किन टिंट म्हणा, सिरम फाउंडेशन म्हणा, त्यात रंगद्रव्य कमी असतं, खालची कातडी दिसते. शेड अर्ध्यानं चुकली की चेहरा राखाडी दिसतो. सावळ्या मुलीवर गुलाबी झाक असलेलं फाउंडेशन घातलं की ती आजारी दिसते, तसं.

म्हणून आठ-दहा शेड घ्या, आणि त्यातल्या निम्म्या गव्हाळच्या पुढच्या घ्या. सप्लायरकडे गोऱ्या शेड्सचा ढीग असतो आणि तो तोच तुमच्या गळ्यात मारणार. आपल्याकडच्या मुली पिवळसर, काही हिरवट झाकेच्या असतात. बहुतेक तयार शेड त्यांच्यावर नारिंगी पडतात. त्यासाठी निळं मिक्सर पिगमेंट मिळतं. नावाला घाबरू नका, थेंबभर घातलं की नारिंगीपणा मरतो. पांढरं आणि पिवळं मिक्सरही सोबत ठेवा. डोळ्यांखालच्या काळ्यासाठी नारिंगी करेक्टर हवंच. निळसर काळ्यावर गोरं कन्सीलर लावलं की राख फासल्यासारखं होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. एक मात्र बघा, प्रायमर, म्हणजे फाउंडेशनच्या आधी लावायचा थर, आणि फाउंडेशन एकाच जातीचं असू द्या. दोन्ही पाण्यावरचं, नाहीतर दोन्ही सिलिकॉनवरचं. घटकांच्या यादीत वरच्या ओळींत डायमेथिकोन किंवा कुठलं सिलॉक्सेन दिसलं तर ते सिलिकॉनचं समजा. भलत्या जोडीमुळे बेस फाटतो आणि आपण मात्र नवरीच्या त्वचेला दोष देत बसतो.

आता हळदीचं, कारण इथे कोर्समधल्या मुलीही फसतात. आदल्या दिवशी हळद लागते, दुसऱ्या दिवशी पहाटे तुम्ही शेड बघता. समोर दिसते ती पिवळीधमक नवरी. तुम्ही तिच्या हळदीला शेड जुळवता, तिला नाही. दुपारपर्यंत घामानं हळद उतरते आणि चेहरा एकीकडे, गळा एकीकडे. ट्रायल हळदीच्या आधी घ्यायची, शेड जबड्याच्या कडेला आणि गळ्याखाली लावून बघायची. तीही पार्लरच्या ट्यूबलाइटमध्ये नाही, दाराबाहेर उजेडात उभं करून. ठरलेलं मिश्रण वहीत लिहून ठेवायचं: अमुक दोन भाग, तमुक एक भाग, निळं एक थेंब. ट्रायलचे पैसे वेगळे घ्या. फुकट ट्रायल दिली की ती मुलगी तीन पार्लरं फिरून येते.

आणि हळद काढायला काय वापरता? नुसत्या फेसवॉशनं ती नीट जात नाही, कारण हळदीचा रंग पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून तर आपल्या आज्या आधी खोबरेल तेल चोळायच्या. कोरियातून आलेलं क्लेन्सिंग बाम म्हणजे हीच गोष्ट डबीत भरलेली. तेलासारखं चोळायचं, पाणी लावलं की दुधाळ होऊन निघून जातं. रील्सवरच्या कोरियन पसाऱ्यातली ही एक वस्तू मी डोळे झाकून घ्यायला सांगेन. सध्या त्वचा सुधारायला म्हणून सॅल्मन माशाच्या डीएनएपासून बनवलेल्या पीडीआरएनचाही गाजावाजा आहे. ते पार्लरच्या कपाटातलं काम नाही. ज्याला परवडतं तो त्वचारोगतज्ज्ञाकडे जाऊ दे.

कुशनला मी नाही का म्हणते? वस्तू वाईट नाही, उलट डोकं लढवून केलेली आहे. आमोरेपॅसिफिक या कोरियन कंपनीनं आयोपे या नावाखाली २००८ मध्ये पहिलं कुशन बाजारात आणलं. कल्पना आली पार्किंगच्या पावतीवर मारायच्या शिक्क्यावरून: शाई स्पंजात असते, सांडत नाही, दाबलं की हवी तेवढीच येते. पण शिक्क्याच्या पॅडसारखंच ते एका माणसानं वापरायचं असतं. पफ गालावरून पुन्हा स्पंजात, स्पंजातून पुन्हा गालावर. एका नवरीचा घाम आणि पुरळ दुसरीच्या तोंडाला. पार्लरमध्ये हे चालत नाही. दुसरं म्हणजे शेड्स. वर्षानुवर्षं कुशन म्हणजे गोऱ्या कोरियन मुलींच्या दोन-तीन शेड. २०२४ मध्ये एका कृष्णवर्णीय व्हिडिओवालीनं टिरटिर या कोरियन कंपनीचं लाल डबीतलं कुशन स्वतःला लावून दाखवलं, शेड काही जुळेना. त्यानंतर कंपनीनं गडद शेड्सची रांगच काढली. आता भारतीय कंपन्यांचीही कुशन मिळतात. तेव्हा विकायला ठेवायची असतील तर तीन-चार ठेवा. पर्समध्ये टाकायला कॉलेजच्या मुली आणि नोकरीवाल्या बायका घेतील, आणि माझा अंदाज आहे की अजून दोन वर्षं घेत राहतील. नवरीच्या पेटीत मात्र नको.

ग्लास स्किनची एक गंमत सांगते, माझीच फजिती आहे. अलिबागला मे महिन्यातलं लग्न होतं. मुलीला काचेसारखा चमकणारा चेहरा हवा होता आणि मीही तेव्हा नवं शिकून आले होते. लिक्विड हायलायटर, वरून ग्लोवालं स्प्रे, सगळं केलं. आरशात अप्सरा दिसत होती. मंगलाष्टकं संपली, अक्षता पडल्या, आणि कुंकवात घोळलेले तांदळाचे दाणे तिच्या दोन्ही गालांना चिकटले. झटकायला गेलं तर लाल ओरखडे. फोटोग्राफर हसला, नवरी रडली, सासू म्हणाली, "देवी आली की काय?" त्या दिवसापासून मी चमक फक्त दोन ठिकाणी देते: गालाच्या हाडाचा सगळ्यात वरचा भाग आणि नाकाच्या दांड्यावर कणभर. मुंडावळ्या गालाच्या कडेला लोंबतात, कपाळाला बांधतात, तिथे तर पावडर हवीच. मुहूर्ताला सॅटिनसारखा चेहरा ठेवायचा आणि रिसेप्शनला हवी तेवढी काच. तिथे अक्षता नसतात, एसी असतो. ओली चमक आता थोडी मागे पडून मऊ, धूसर, ढगासारखी त्वचा पुढे येतेय, त्यामुळे कुठे काही चुकत नाही.

पावडरबद्दल एकच. सिलिकाची पांढरी एचडी पावडर जास्त झाली की फ्लॅशच्या फोटोत तोंडावर पीठ सांडल्यासारखं दिसतं. झिंक किंवा टायटॅनियमचं सनस्क्रीन खाली असेल तरी तेच. घेतलेल्या प्रत्येक पावडरचा आधी मोबाइलचा फ्लॅश मारून अंधारात फोटो काढून बघा.

ओठांवर पैसे घाला. इथे नवं खरोखरच चांगलं आहे. आपल्या नवरीच्या वरच्या ओठावर नथीचे मोती टेकतात. ग्लॉस किंवा लिप ऑइल लावलं की मोती चिकटतात, प्रत्येक घासाला नथ ओढली जाते. जड मॅट लिपस्टिक लावली की मोती लाल. लिप टिंट किंवा स्टेन ओठात मुरतं, वर बसत नाही, म्हणून ते नथीला सोसतं. मुलगी दाखवते ती सोलून काढायची लिपस्टिकही त्याच जातीची: लावायची, वाळू द्यायची, पापुद्रा ओढून काढायचा, रंग ओठात उरतो. दिसायला खेळ आहे, पण जेवणाच्या पंगतीत टिकतो. मात्र ओठ फुटलेले असतील तर रंग भेगांत जाऊन बसतो, तेव्हा आदल्या रात्री तूप लावायला सांगा. पापुद्रा काढल्यावर अगदी हलका बाम, बस. मॅट लिक्विड लिपस्टिक लगेच फेकू नका. मावश्या, काकू, करवल्यांना अजून तीच हवी असते. नवा साठा मात्र त्यात करू नका.

रंग म्हणाल तर तपकिरी परत आलाय. रंगांचा अंदाज सांगणाऱ्या पॅन्टोननं २०२५ चा रंग म्हणून मोका मूस निवडला होता, दुधाच्या कॉफीसारखा. २०२६ साठी त्यांनी क्लाउड डान्सर नावाचा चक्क पांढरा निवडला. आता पांढऱ्या रंगाचं आपल्या लग्नात आपण काय करणार, म्हणून तो मी सोडून दिला. तपकिरी मात्र आपल्या गव्हाळ, सावळ्या रंगाला जन्मजात शोभतो. नव्वदच्या दशकात आपल्या आयांनी लावलेली गडद लायनर आणि आत फिकट तपकिरी लिपस्टिक आठवते ना? तेच पुन्हा, फक्त कडा बोटानं मऊ केलेल्या. विटकरी, दालचिनी, वांगी या तीन रंगांच्या पेन्सिली ठेवा. हिरव्या शालूवर विटकरी काय उठून दिसते ते करून बघा.

गालांचं थोडक्यात: लिक्विड ब्लश चाललंय आणि चालणार. गोऱ्या मुलींसाठीचा बाळगुलाबी सावळीवर खडूसारखा दिसतो. तिला गडद लाल, विटकरी, जांभळट द्या. थेंब एकच, कारण हे ब्लश रंगाला फार दाट असतात. गालाच्या वरच्या भागातून कानशिलाकडे ओढायची फॅशन आहे आणि मुंडावळ्या नेमक्या तिथेच घासतात. म्हणून लिक्विडवर त्याच रंगाची कोरडी पावडर थोपटा.

लाजाहोमाचा धूर आणि पाठवणीचं रडणं, हे दोन्ही ज्याला सोसेल तोच मस्कारा खरा. ट्यूबिंग मस्कारा नावाचा प्रकार घ्या. तो रंगासारखा पसरत नाही, पापणीच्या प्रत्येक केसाभोवती नळीसारखं आवरण करतो. अश्रूंनी, तुपकट धुरानं डोळ्यांखाली काळं उतरत नाही, आणि रात्री कोमट पाण्यानं अख्ख्या नळ्या गळून पडतात. ब्रश प्रत्येक मुलीला वेगळा, वापरून फेकायचा, आणि एकदा वापरलेला पुन्हा बाटलीत बुडवायचा नाही. मस्कारा उघडल्यावर तीन ते सहा महिन्यांत संपवा. डब्यांवर उघड्या झाकणाचं चित्र असतं, त्यात ६ किंवा १२ आकडा लिहिलेला असतो, तो उघडल्यानंतरचे महिने सांगतो. या आकड्यामुळेच मी म्हणते, सवलतीला भुलून डझनानं घेऊ नका.

आता मशीन. एअरब्रश खोटा नाही, पातळ आणि एकसारखा बेस बसतो. पण त्याला स्वतःचे वेगळे पातळ रंग लागतात, म्हणजे शेड्सचा सगळा खर्च पुन्हा. प्रत्येक नवरीनंतर गन उघडून धुवावी लागते, नाहीतर ऐन वेळी तुंबते. गावच्या कार्यालयात पहाटे चारला लाइट गेली तर कंप्रेसर गप्प. आणि मुलगी रडली की एअरब्रशवर डागडुजी करणं फार अवघड, ओला स्पंज लावला की ठिगळ दिसतं. समोरच्या मुलीला बोर्डावर लिहू द्या. महिन्याला आठ-दहा नवऱ्या कायम व्हायला लागल्या की मला पुन्हा पत्र लिहा, तेव्हा बोलू.

तिच्याकडे नाही आणि तुमच्याकडे आहे असं गिऱ्हाईक सांगू? नवरदेव. दोन वर्षांपूर्वी जो मुलगा लाजून "नको नको" म्हणायचा, तो आता बहिणीकडून हळूच निरोप पाठवतो. त्याला फक्त घामाची चमक मारायची असते, डोळ्यांखाली करेक्टर, दाढीच्या निळसर सावलीवर जरासा नारिंगी, भुवया नीट, ओठांना बिनरंगी बाम. वीस मिनिटांचं काम, सामान तुमच्याच पेटीतलं. तुम्ही चौदा वर्षं गावात आहात, त्याच्या आईच्या भुवया तुम्हीच करता. तुमच्याकडे यायला त्याला संकोच कमी वाटेल.

जेल नेलपॉलिश ठेवत असाल तर टीपीओ, म्हणजे दिव्याखाली जेल घट्ट करणारं रसायन, नसलेलं मागा. युरोपियन युनियननं १ सप्टेंबर २०२५ पासून ते सौंदर्यप्रसाधनांत बंद केलंय. तिकडे बंद झालेला माल इकडे स्वस्तात फिरेल अशी मला धास्ती आहे. वॉटरप्रूफ सामानात वापरली जाणारी पीएफएएस रसायनंही फ्रान्सनं १ जानेवारी २०२६ पासून प्रसाधनांतून बंद केली आहेत. यादीत 'फ्लुओरो' असलेलं लांबलचक नाव दिसलं तर तो माल मी तरी परत ठेवते.

याहून महत्त्वाचं म्हणजे त्या बिनलेबलाच्या नाइट क्रीमच्या डब्या. सप्लायर हमखास पुढे करतो: "आठ दिवसांत गोरी, नवरीला द्या." घेऊ नका, विकूही नका. २०२३ मध्ये केरळात मलप्पुरम भागात अशा गोरेपणाच्या क्रीम लावणाऱ्यांच्या किडन्यांवर परिणाम झाल्याची प्रकरणं पुढे आली, कारण क्रीममधला पारा. आपल्याकडे २०२० चे कॉस्मेटिक्स रूल्स आहेत. भारतात बनलेल्या डबीवर उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, वापरायची मुदत आणि घटकांची यादी हवी. परदेशी मालावर आयातदाराचं नाव आणि नोंदणी क्रमांक हवा. तुमच्या हातून गेलेल्या डबीनं कुणाला काही झालं तर गाव सप्लायरला ओळखत नाही, तुम्हाला ओळखतं. बिल घेतल्याशिवाय एक पेन्सिलसुद्धा घेऊ नका.

पैशांचं असं करा. पंचवीस हजार फाउंडेशन, करेक्टर, मिक्सर, प्रायमर. दहा हजार ओठ, गाल, मस्कारा. पाच हजार क्लेन्सिंग बाम, फेकायचे ब्रश, स्पॅच्युला, स्टीलची पॅलेट, ब्रश धुवायचं अल्कोहोल. उरलेले दहा आत्ता खर्चू नका. मार्गशीर्षात मुली स्वतः येऊन काय मागतात ते पाहा आणि मग घ्या. मोठ्या शहरात दिसलेली गोष्ट तालुक्याला मागितली जायला साधारण दोन सीझन जातात, हा माझा अनुभव आहे. तुम्हाला घाई नाही.

मुलीला सांगा, मशीनऐवजी तिनं दारात उजेडात तुमच्या सगळ्या शेड्स एका ओळीत स्वतःच्या, तुमच्या आणि शेजारच्या काकूंच्या हातावर लावून त्याचा फोटो काढावा आणि तोच पार्लरच्या पानावर टाकावा. आणि पुढच्या लग्नात करवलीच्या पर्समध्ये एक मोठा कोरडा मऊ ब्रश ठेवायला विसरू नका. अक्षता पडल्या की हातानं नाही, त्या ब्रशनं झटकायच्या.

तुमची,
सदरवाली ताई